आधी गरम पाणी, मग बाकीचं: नाशिकच्या निवास-न्याहारीसाठी काय घ्यावं, काय टाळावं

चार खोल्या आणि आठ पाहुणे एवढ्या घरात एसी वगळला तर रोज सर्वांत जास्त वीज खातं ते आंघोळीचं पाणी. हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॉट-तास लागतात. डिसेंबरात नाशिकमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पहाटे २० अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही गार असतं. ३०० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायचं तर जवळपास १४ युनिट लागतात. त्याच घरातले ३० वॉटचे चार बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे दहा तास फिरले तर १.२ युनिट, आणि ९ वॉटचे बारा एलईडी दिवे पाच तास जळले तर अर्धा युनिट. तरी निवास-न्याहारी थाटताना दिवे आणि बांबूचे ब्रश आधी येतात आणि गरम पाण्याचं काम 'प्लंबर बघून घेईल' म्हणून शेवटावर जातं. हा क्रम उलटा करायला हवा, असं आमचं ठाम मत आहे.

म्हणून हे परीक्षणही त्याच क्रमाने केलं आहे. ज्यावर वीज आणि पाणी जास्त जातं ते आधी आणि सविस्तर. खोलीत नुसतं दिसतं ते शेवटी आणि थोडक्यात. हिशेब चार खोल्यांचा आहे. केंद्र सरकारच्या निवास-न्याहारी योजनेत एक ते सहा खोल्या आणि जास्तीत जास्त बारा खाटा बसतात, तेव्हा सहा खोल्यांच्या घराने आकडे दीडपट धरावेत. भाग धरला आहे तो गंगापूर रोड, गिरणारे आणि त्र्यंबक रस्त्याचा. द्राक्षांच्या दिवसांत, पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी आणि श्रावणात इथे पाहुणे असतात, आणि या तीन हंगामांत गरम पाण्याची गरज तीन तऱ्हेची असते.

सोलर वॉटर हीटर: घ्यायलाच हवा, पण किती लिटरचा आणि कोणता?

आधी लिटर ठरवू. साध्या शॉवरमधून मिनिटाला ८ ते १० लिटर पाणी पडतं. आठ मिनिटांच्या आंघोळीला ७० लिटर. आंघोळीचं पाणी ४० अंशांचं लागतं; टाकीतलं ६० अंशांचं आणि नळाचं २० अंशांचं पाणी निम्मं-निम्मं मिसळलं की ४० होतं. म्हणजे माणशी ३५ लिटर गरम पाणी, आठ जणांना २८०. इथे ३०० लिटरचा सोलर बसतो. हीच आंघोळ दोन बादल्यांत केली तर ३० लिटर पाणी लागतं, त्यातलं गरम १५ लिटर. आठ जणांना १२० लिटर पुरे. न्हाणीघरात मोठी बादली, तांब्या आणि बसायला स्टूल नीट मांडून ठेवलं की पुष्कळ पाहुणे आपणहून बादली भरतात, ती आपल्याकडची घरचीच सवय आहे. ज्यांना शॉवर हवा त्यांच्यासाठी तोही असावा. मात्र डोक्यावर पावसासारखा पडणारा मोठा गोल शॉवर बसवू नये. गच्चीवरची टाकी नळापेक्षा १० फूट उंच असली तरी दाब जेमतेम ०.३ बार मिळतो. त्या दाबावर तो शॉवर नुसता ठिबकतो, आणि मग पाहुणा तो वीस मिनिटं चालू ठेवतो.

आता प्रकार. बाजारात दोन मिळतात: काचेच्या नळ्यांचा, आणि तांब्याच्या पत्र्याच्या सपाट पॅनलचा. दोन्ही उत्तम तापवतात. निवड ठरते ती तुमच्या पाण्यावरून. मनपाचं पाणी असेल तर पॅनलचा सोलर जास्त टिकाऊ. त्याची काच कडक केलेली असते आणि फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीत ती बरीच तग धरते. पॅनल घेताना त्यावर आयएस १२९३३ हा मानक क्रमांक पाहावा. बोअरचं जड पाणी असेल तर मात्र साधा पॅनल घेऊ नका. त्यातल्या तांब्याच्या उभ्या नळ्या अर्ध्या इंचाच्या असतात. पाणी तापलं की क्षार सुटतात आणि त्या आतून बुजत जातात. बाहेरून काहीच दिसत नाही, पाणी मात्र हळूहळू कोमट येऊ लागतं. जड पाण्यासाठी काचेच्या नळ्यांचा सोलर बरा. नळ्या रुंद असतात, गाळ तळाशी बसतो आणि नळी उपसून धुता येते.

काचेच्या नळ्यांची सर्वसाधारण मापं म्हणजे ५८ मिलिमीटर जाडी आणि १,८०० मिलिमीटर लांबी. १०० लिटरमागे अशा साधारण दहा नळ्या धराव्यात, म्हणजे ३०० लिटरला तीस. कोटेशन स्वस्त दिसलं की आधी नळ्या मोजा. टाकी मोठी आणि नळ्या कमी अशी जोडी दिली की कागदावर लिटर भरतात, पण हिवाळ्यात पाणी तापत नाही. तोंड दक्षिणेकडे हवं. नाशिक २० अक्षांशावर आहे, तेव्हा थंडीत जास्त ऊन मिळावं म्हणून कल ३० ते ३५ अंशांचा ठेवावा.

या प्रकाराचे दोन दोष विकणारा सांगत नाही. पहिला: नळ्यांमध्ये थेट टाकीचंच पाणी असतं, त्यामुळे एक नळी फुटली तरी जवळजवळ सगळी टाकी गच्चीवर वाहून जाते. म्हणून दोन जादा नळ्या आणि त्यांची रबरी रिंगणं घरात असायलाच हवीत. नळी बदलायला अर्ध्या तासाहून जास्त लागत नाही, पण पाहुणे असताना नळी शोधत सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पळावं लागलं तर दिवस जातो. दुसरा: रिकाम्या, उन्हात तापलेल्या नळ्यांत दुपारी गार पाणी सोडलं तर काच तडकते. टाकी धुतली किंवा पाणी संपलं तर सोलर पहाटे भरावा, किंवा नळ्या तासभर गोणपाटाने झाकून मग भरावा. नळीच्या तळाला चंदेरी रंग असतो. तो पांढुरका झाला की आतली निर्वात पोकळी गेली असं समजावं. ती नळी पाणी तापवत नाही, फक्त जागा अडवते.

नळजोडणी: इथेच सगळं बिघडतं

चांगल्या कंपनीचा सोलर घेऊनही पाहुणे 'गरम पाणी आलं नाही' म्हणतात, तेव्हा दहा मिनिटं गच्चीवर उभं राहून जोडणी पाहावी. थंड पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा वर हवा. तो खाली असेल तर सोलरची टाकी पूर्ण भरतच नाही. हवा जाण्याची उभी नळी थंड टाकीच्या पाण्याच्या पातळीहून वर न्यावी, नाहीतर तीतून सतत पाणी सांडतं. आणि साध्या, बिनदाबाच्या सोलरला प्रेशर पंप कधीही जोडू नये. टाकी फुगते आणि सांधे सुटतात. पंप हवाच असेल तर दाब सहन करणारी टाकी सुरुवातीलाच मागावी लागते.

एक चूक फार वेळा होते. शॉवरला जोर यावा म्हणून फक्त थंड लाइनला पंप बसवला जातो. न्हाणीघरातल्या मिक्सरचे, म्हणजे गरम-गार पाणी मिसळणाऱ्या तोटीचे, दोन्ही नळ उघडले की जोरातलं थंड पाणी गरम लाइनमध्ये उलटं चढतं आणि थेट सोलरच्या टाकीत जातं. एका खोलीतला मिक्सर उघडा राहिला तरी चारही खोल्यांचं पाणी गार होतं. प्रत्येक मिक्सरच्या गरम बाजूला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) बसवणं हा त्यावरचा उपाय. त्याहून चांगलं म्हणजे दोन्ही लाइन एकाच टाकीच्या उंचीवरून, सारख्या दाबाने आणाव्यात.

पाइप सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक) किंवा कॉम्पोझिट (प्लास्टिकच्या थरांमध्ये ॲल्युमिनियम) घ्यावा. साधा पीव्हीसी ६० अंशांवर मऊ पडतो. जाडीही विचारपूर्वक ठरवावी. एक इंची सीपीव्हीसीच्या २० मीटर लांबीत ८ लिटरच्या वर पाणी मावतं, पाऊण इंचीत ५ लिटर. रात्रभर थंड झालेलं एवढं पाणी गरम येण्याआधी मोरीत जातं, आणि ते दर खोलीला. मुख्य लाइन पाऊण इंची, खोलीत जाणारा फाटा अर्धा इंची, आणि सोलर न्हाणीघरांच्या शक्य तितक्या माथ्यावर. नव्या बांधकामात चारही न्हाणीघरं एकाच उभ्या पट्ट्यात घेतली तर हे पाणी वाचतं. जुन्या घरात ते जमत नाही. तिथे नळाखाली रिकामी बादली ठेवून 'पहिलं गार पाणी इथे धरावं' अशी चिठ्ठी लावावी. ते पाणी फरशी पुसायला येतं.

गच्चीवरचा गरम पाइप काळ्या नायट्राइल फोमने गुंडाळला जातो. तो उघडा ठेवला तर उन्हाने भुसभुशीत होऊन पडतो. त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा निदान उन्हाला टिकणारा टेप हवाच.

श्रावणी सोमवार आणि बॅकअप

सोलर सर्वांत कमी तापतो तो जुलै-ऑगस्टात. आणि याच काळात, श्रावणात, त्र्यंबकेश्वराच्या दर्शनाला आणि ब्रह्मगिरीच्या फेरीला निघालेले पाहुणे पहाटे तीन-चारला आंघोळीचं पाणी मागतात. टाकीत फार तर ३० अंशांचं पाणी असतं. अशा वेळी काय जोडावं?

टाकीतच बसवलेलं विजेचं हीटर आम्ही नापसंत करतो. ते तळाशी असतं आणि सगळी टाकी तापवतं. ३०० लिटर ३० वरून ४५ अंशांवर न्यायला ५.२ युनिट, मग घरात पाहुणे दोन असोत की आठ. त्यात ते आपोआप चालू होणारं ठेवलं तर आणखी नुकसान: रात्री कोणी आंघोळ केली, गार पाणी आत आलं, हीटर लागलं, सकाळी टाकी गरम, आणि दिवसाच्या उन्हाला तापवायला काही उरत नाही. हे हीटर आधीच बसलेलं असेल तर त्याला टायमर लावून पहाटे दोन तास चालवावं, तेही फक्त ढगाळ दिवसानंतर.

त्यापेक्षा प्रत्येक न्हाणीघरात १५ लिटरचा छोटा गिझर सोलरच्या गरम लाइनवर जोडलेला बरा. ३० अंशांचं ३० लिटर पाणी ४० वर न्यायला फक्त ०.३५ युनिट लागतो. चार पाहुणे असतील तर एकूण दीड युनिटाच्या आत काम होतं. उन्हाच्या दिवसांत गिझर बंदच राहतो आणि पाणी त्यातून नुसतं पुढे जातं. खरेदी करताना एकच प्रश्न विचारा: आत येणारं पाणी ६०-७० अंशांचं असलं तर चालतं का? प्लास्टिकच्या आतल्या टाकीचे काही गिझर ते सहन करत नाहीत.

त्र्यंबक किंवा इगतपुरीच्या बाजूला, जिथे पावसाचे दिवस खूप, तिथे हीट पंपाचा विचार करावा. तो हवेतली उष्णता पाण्यात आणतो आणि साध्या गिझरच्या साधारण एक तृतीयांश विजेत तेवढंच पाणी तापवतो. त्याचा पंखा आणि कॉम्प्रेसर आवाज करतात, तेव्हा तो पाहुण्यांच्या खिडकीखाली नको. चार खोल्यांच्या नाशिकमधल्या घराला मात्र त्याची गरज नाही.

देखभाल थोडी आहे, पण ती चुकवू नये. टाकीत मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड असतो. तो स्वतः झिजतो आणि टाकीला गंजापासून वाचवतो. जड पाण्यात दरवर्षी काढून पाहावा, पेन्सिलीएवढा उरला की बदलावा. क्षार काढायला सायट्रिक ॲसिडचं पाणी, लिटरला ५० ग्रॅम, काही तास भरून ठेवून सोडून द्यावं. मे महिन्यात घर रिकामं असेल तर पाणी उकळतं आणि वाफ धरते. निम्म्या नळ्या शेडनेटने झाकाव्यात. आणि आठवडाभर बंद राहिलेल्या खोलीचे नळ पाहुणा येण्याआधी पाच मिनिटं सोडावेत. पाइपात साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेलासारखे जिवाणू वाढतात, ही गोष्ट हलक्यात घेण्यासारखी नाही.

निकाल: ३०० लिटरचा सोलर आणि चार छोटे गिझर. या घरात पैसे घालण्यासारखी पहिली वस्तू हीच.

सांडपाणी: कर्दळीचा वाफा पास, काळ्या मातीतला शोषखड्डा नापास

जुन्या घरांत मोरीच्या पाण्यावर आळू, कर्दळ आणि केळ लावलेली असायची. तीच रीत मोजून-मापून केली की तिला रूट झोन म्हणतात. न्हाणीघर आणि बेसिनचं पाणी रोज ६०० लिटर धरलं तर ४ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि ६० सेंटीमीटर खोल वाफा लागतो. खडीमधल्या पोकळीत सुमारे १,९०० लिटर पाणी मावतं, म्हणजे पाणी तीन दिवस मुळांत मुरत पुढे सरकतं. तळ आणि बाजू वीट-सिमेंटने किंवा जाड प्लास्टिक कापडाने बंद कराव्यात. दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मीटर मोठे दगड, मधे १० ते १२ मिलिमीटरची खडी, तळाला हलका उतार. बाहेर जाणाऱ्या पाइपाला फिरणारा एल्बो (कोपराच्या आकाराचा जोड) लावावा. तो फिरवून पाण्याची पातळी खडीच्या पृष्ठभागाखाली ५ ते १० सेंटीमीटर ठेवता येते. पाणी वर दिसलं नाही की डासही होत नाहीत. चौरस मीटरला तीन कंद, म्हणजे एकूण चोवीस-पंचवीस कर्दळी.

हे वाफे बंद पडतात ते बहुतेक एकाच कारणाने: खडी न धुता टाकलेली असते. क्रशरवरची कच तळाशी बसून सहा महिन्यांत पाणी अडवते. खडी पाइपाने धुऊन, निथळून मगच भरावी. दुसरं कारण केस आणि कपड्यांचे धागे. वाफ्याआधी दोन कप्प्यांची छोटी टाकी आणि जाळी हवी, आणि जाळी दर आठवड्याला साफ करायची जबाबदारी कोणाची हे नावानिशी ठरलेलं हवं. स्वयंपाकघराचं पाणी या वाफ्यात आणू नये. मिसळीच्या तर्रीचं तेल खडीवर बसलं की काम संपलं. ते पाणी वेगळ्या तेलसापळ्यातून सेप्टिक टाकीकडे न्यावं. गच्चीचं पावसाचं पाणीही वाफ्यापासून लांब ठेवावं, आणि त्र्यंबकच्या बाजूला वाफ्याचे काठ जमिनीपेक्षा १५ सेंटीमीटर उंच बांधावेत.

बाहेर पडलेलं पाणी केळी, नारळ, फुलझाडं यांना द्यावं. कोथिंबीर-पालकासारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला देऊ नये. ते साठवून ठेवायचंही नाही. एक दिवस टाकीत राहिलं की वास येतो.

शोषखड्डा स्वस्त आणि सोपा आहे, मुरमाच्या जमिनीत उत्तम चालतो. पण नाशिकच्या आसपास पुष्कळ ठिकाणी काळी माती आहे, आणि ती भिजली की फुगून बंद होते. ठरवण्याआधी फूटभर खोल खड्डा घेऊन त्यात पाणी भरावं, ते मुरल्यावर पुन्हा भरावं आणि दुसऱ्या वेळी किती वेळात उतरतं ते पाहावं. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर शोषखड्ड्याचा विचार सोडून द्यावा.

इथे सफाईच्या बाटल्यांबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. बाथरूमचं जहाल ॲसिड, ब्लीच आणि फिनाईल रोज ओतलं तर वाफ्यातले आणि सेप्टिक टाकीतले जिवाणू मरतात, आणि त्यानंतर येणाऱ्या वासावर आणखी फिनाईल ओतलं जातं. जड पाण्याचे पांढरे डाग सायट्रिक ॲसिडने निघतात, फरशीला साबणाचं पाणी पुरतं. कपड्यांची पावडर सोडियमने भरलेली असते आणि ते सोडियम काळी माती आणखी घट्ट करतं. पातळ डिटर्जंट घ्यावं आणि मापाच्या झाकणाने घालावं.

ओला कचरा

आठ जणांच्या न्याहारीतून कांद्याची टरफलं, फळांच्या साली, चहाचा चोथा आणि उरलंसुरलं मिळून रोज साधारण दोन किलो ओला कचरा निघतो. यासाठी विजेवर चालणारी 'चोवीस तासांत खत' देणारी यंत्रं विकली जातात. आमचा सल्ला: घेऊ नका. ती कचरा तापवून वाळवतात आणि दळतात. बाहेर येतं ते वाळलेलं अन्न. ते कुंडीत घालून पाणी दिलं की पुन्हा कुजायला लागतं, बुरशी धरते. एवढ्याशा कचऱ्यासाठी वीज मात्र खर्च होते.

त्यापेक्षा भोकं पाडलेली २०० लिटरची दोन पिंपं घ्या. एक भरायचं, एक पिकायला ठेवायचं. तळाला काड्या आणि नारळाच्या शेंड्या, मग दर थराला जेवढा ओला कचरा तेवढाच कोरडा पाला, घमेल्याला घमेलं. सुरुवातीला आंबट ताक किंवा जुन्या खताची दोन ओंजळी. आठवड्यातून दोनदा खालीवर करायचं. मूठ आवळली तर हात ओला व्हावा पण थेंब पडू नये, एवढीच ओल. अमोनियाचा उग्र वास आला तर पाला कमी पडला आहे. कुजका, सडका वास आला तर पाणी जास्त आणि हवा कमी. करड्या रंगाच्या मोठ्या अळ्या दिसल्या तर घाबरायचं कारण नाही. त्या सैनिक माशीच्या, कचरा भरभर संपवतात. तेलकट रस्सा मात्र गाळून फक्त चोथाच घालावा. नाशिकमध्ये पाल्याची खरी टंचाई पावसाळ्यात होते, तेव्हा फेब्रुवारी-मार्चमधली पानगळ गोण्यांत भरून कोरड्या जागी ठेवणं हे या साऱ्यातलं सर्वांत महत्त्वाचं काम. मनपाच्या हद्दीत घंटागाडी ओला-सुका वेगळा नेतेच. पिंपं ज्यांना जमत नाहीत त्यांनी निदान वेगळं करणं चोख ठेवावं.

'कंपोस्टेबल' शिक्का असलेले कप आणि पिशव्या या पिंपात टाकू नयेत. त्यांना कुजायला कारखान्यातल्या भट्टीसारखी, ५८ अंशांच्या आसपास टिकून राहणारी उष्णता लागते. घरच्या पिंपात ते वर्षभर तसेच राहतात. महाराष्ट्रात २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर आणि देशात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक वस्तू बंद झाल्या, त्यांची जागा या कपांनी घेतली आहे. स्टीलचे पेले आणि चिनी मातीचे कप असताना घरात त्यांचं काम काय?

पिण्याचं पाणी

आरओ लावण्याआधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजा. मीटर खिशात मावतो. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतचा टीडीएस स्वीकारार्ह आहे. गंगापूर धरणाचं मनपाचं पाणी त्याच्या पुष्कळ खाली असतं. तिथे यूव्ही (अतिनील किरण) आणि यूएफ (सूक्ष्म गाळणी) पुरतं. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर फेकतो. आठ पाहुण्यांना रोज २५ लिटर पिण्याचं पाणी धरलं तर ५० ते ७५ लिटर मोरीत. बोअरचं पाणी असेल आणि आकडा ५०० च्या बराच वर असेल तर आरओ लावावा, पण फेकलेलं पाणी संडासाच्या फ्लशच्या टाकीत वळवावं. ते झाडांना घालू नये, क्षार त्यातच गोळा झालेले असतात.

खोलीत प्लास्टिकच्या सीलबंद बाटल्यांऐवजी भांडी बाजारातले तांब्याचे झाकणाचे तांबे ठेवावेत. नाशिकच्या तांबट कारागिरांचं काम पाहुण्यापुढे ठेवण्यासारखंच आहे. रोज चिंच-मिठाने घासून धुवावे, आणि त्यात लिंबूपाणी किंवा ताक कधीही भरू नये.

चादरी, टॉवेल आणि बाकीचं

पाहुण्याला छान वाटावं म्हणून ६०० जीएसएमचे (चौरस मीटरला ६०० ग्रॅम वजनाचे) जाड टॉवेल घेतले जातात, आणि पावसाळ्यात ते दोन दिवस वाळत नाहीत, मग ड्रायर येतो. ४०० ते ४५० जीएसएमचा सोलापुरी टॉवेल घ्या. ७० बाय १४० सेंटीमीटरचा असा टॉवेल साडेचारशे ग्रॅमच्या आत भरतो, पाणी चांगलं टिपतो आणि आडोशाला वाऱ्यावर एका दिवसात वाळतो. पांढऱ्याशुभ्र चादरींचा हट्टही सोडावा. त्यांना ब्लीच लागतं आणि ते शेवटी कर्दळीच्या मुळाशी जातं. फिक्या रंगाच्या सुती चादरी पुरतात. कपडे धुण्याचं यंत्र समोरून उघडणारंच घ्यावं, ते वरून उघडणाऱ्यापेक्षा बरंच कमी पाणी घेतं.

शांपू-साबणाच्या छोट्या बाटल्यांऐवजी भिंतीवरच्या पंपाच्या बाटल्या चांगल्या. पण अर्ध्या बाटलीत वरून भरत राहायचं नाही. रिकामी होऊ द्यावी, गरम पाण्याने धुवावी, पूर्ण वाळवावी आणि मग भरावी. ओलसर उरलेल्या साबणात जिवाणू वाढतात. बांबूच्या ब्रशचे तंतू बहुधा नायलॉनचेच असतात, तेव्हा तो प्रत्येक खोलीत मांडण्यापेक्षा कपाटात चार ठेवावेत आणि विसरलेल्याने मागितला तर द्यावा.

न्याहारीसाठी एवढंच पुरेसं: रात्री जेवणाच्या वेळी उद्या कोण किती वाजता आणि काय खाणार हे विचारून मगच मटकी भिजवावी. जानेवारी ते मार्च गिरणाऱ्याच्या बाजूची द्राक्षं ताटात असावीत, बाहेरून आलेली सफरचंदं नसली तरी चालेल.

खरेदीची वेळ

वाफा जूनच्या पहिल्या पावसात लावावा. कर्दळीला मुळं पसरायला दोन-तीन महिने लागतात, आणि तोवर त्यात निम्मंच पाणी सोडावं. सोलर सप्टेंबरअखेर बसलेला हवा, म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हात जोडणीतले दोष दिसतात आणि दिवाळीआधी दुरुस्त होतात. पाल्याच्या गोण्या फेब्रुवारीत.

२०२७ च्या सिंहस्थात याच चार खोल्यांत जादा गाद्या घालून बारा जण राहतील. सगळे शॉवरखाली गेले तर ४२० लिटर गरम पाणी लागेल आणि ३०० लिटरचा सोलर पुरणार नाही. वाफ्यात आंघोळीचंच ८४० लिटर येईल, त्याला पेलेल त्याहून बरंच जास्त, आणि चौथ्या दिवशी वास सुटेल. तेव्हा त्या महिन्यांत शॉवरची तोटी काढून ठेवावी आणि दोन बादल्यांची आंघोळ ठेवावी. गरम पाणी १८० लिटर, सांडपाणी ३६० लिटर आणि बेसिनचं थोडं वेगळं. सोलरही पुरतो आणि वाफाही.